नवमीचं जादा पान

कोपर, डोंबिवली पश्चिम
१ सप्टेंबर २०२५

चिरंजीव तानाजी,

आशीर्वाद. ते वयाने मोठी म्हणून द्यावे लागतात, मनापासून आहेत असं समजू नकोस.

फोन तू उचलत नाहीस आणि व्हॉट्सअ‍ॅपवर तू मला बंद केलं आहेस, म्हणून पत्र. चुलत बहिणीला ब्लॉक करणारा माणूस गावभर शांततेवर भाषणं देत फिरतो, हे वाचून हसायला येईल तुला. मला काल आलं.

होय, काल मी नौपाड्यात होते. तुमच्या मंडळाच्या गणपतीपुढे, शेवटच्या रांगेत, खांबाआड. ‘महायुद्ध संपलं त्याला ऐंशी वर्षं : अणुबॉम्ब अपरिहार्य होता का?’ वक्ते प्राध्यापक तुम्ही. आधी आरती, मग हिरोशिमा, मग प्रसादाचा शिरा. लोकांनी तिन्ही गोष्टी सारख्याच भक्तीने घेतल्या.

तुझं म्हणणं असं की बॉम्ब टाकला म्हणून दहा लाख माणसं वाचली. मी चाळीसएक वर्षं पालिकेच्या शाळेत गणित शिकवलं, पण न मेलेली माणसं कशी मोजतात ते मला कुणी शिकवलं नाही. तुला येतं. तू आकडा फेकलास आणि पुढच्या रांगेतल्या निवृत्त बँकवाल्यांनी माना डोलावल्या. मग तो सलिल नावाचा दाढीवाला उठला. तो म्हणाला, जपान आधीच शरण येणार होतं, बॉम्बची गरजच नव्हती. त्यालाही टाळ्या. तू त्याला खोडलंस, त्याने तुला खोडलं, अध्यक्ष म्हणाले वा, काय रंगतदार चर्चा. दोघांचेही चेहरे इतके तृप्त होते की मेलेली माणसं तुमच्यावर खूश होऊन गेली असावीत असं वाटलं.

ते सगळं मी सोसलं असतं. भाषण ऐकून मेलेलं कुणी मी पाहिलेलं नाही. पण शेवटी तू आवाज खाली आणलास. तुझा तो ठेवणीतला आवाज, निरोप समारंभातला. आणि म्हणालास, “माझे सख्खे काका, शिवराम, याच युद्धात ब्रह्मदेशात हुतात्मा झाले. त्यांचं श्राद्ध आजवर झालेलं नाही. शस्त्राने गेलेल्यांची तिथी चतुर्दशी. येत्या वीस तारखेला आमच्या घरी ते विधिवत होईल आणि संध्याकाळी याच सभागृहात त्यांच्या प्रतिमेला पुष्पहार.” मग पडद्यावर फोटो.

तानाजी, माझ्या बापाचा फोटो कधीच नव्हता. एकही नव्हता. तुझ्या नातवाने, आर्यनने, मोबाइलमध्ये तुझ्या वडिलांचा चेहरा घातला, वरती पलटणीची टोपी घातली आणि यंत्राने माझा बाप काढून दिला, हे मला शेजारच्या खुर्चीतल्या बाईने कौतुकाने सांगितलं. मी बाप पाहिलेला नाही. पण हा तो नाही इतकं मलाही कळतं. कोकणातून भुकेपायी पलटणीत गेलेल्या माणसाच्या मिशा शाम्पू लावलेल्या नसतात.

तर लेखी सांगते. आठ वर्षांपूर्वी तुझ्या सत्काराच्या वेळी मी खुर्चीतून ओरडले होते, “ते मेलेले नाहीत!” तेव्हा तुझी अब्रू गेली आणि तू बोलणं टाकलंस. आज ओरडत नाही, लिहिते. चतुर्दशी करायची नाही. तू माझ्या बापाला मारलंस तर माझ्या आईचं काय होतं, ते तुला माहीत आहे.

शालनताई


कोपर
५ सप्टेंबर

तानाजी,

प्रमोदिनीचा फोन आला होता. बिचारी स्वयंपाकघराचं दार लावून बोलत होती. तुझा निरोप तिने जसाच्या तसा दिला, “हे म्हणतात, ताईंना विचार, काकांचं वय आज किती झालं असतं. एकशे पाच! एकदाचं संपवू या ना आता.”

संपवू या. किती सोपं आहे नाही? तुला संपवायची फार घाई. जपानने जहाजावर सही केली, इंग्रजांनी पदकं वाटली, तू भाषण दिलंस, राहिली कोण तर माझी आई. तिलाही उरकून टाकू.

तू आमच्याकडे कोपरीला यायचास तेव्हा चड्डीत होतास, तुला संक्रांतीच्या वड्या दिसायच्या. मला काय दिसायचं ते ऐक. सरकारने कळवलं ते ‘बेपत्ता’ एवढंच. पोस्टमनने पोलादपूरकडच्या आपल्या त्या वाडीत येऊन ते वाचून दाखवलं आणि तुझ्या आजीने लगेच आईचं कपाळ पुसायला पदर ओला केला. आई म्हणाली, थांबा. पुढे शेजारच्या गावचा एक शिपाई परत आला. तो म्हणाला, शिवराम नदीच्या पलीकडे राहिला, पण शेवटचा पाहिला तेव्हा धड होता, सदरा पिळत उभा होता. बस. एवढ्यावर माझ्या आईने आयुष्य काढलं. कुणी काही बोललं की ती म्हणायची, “सदरा पिळीत व्हता म्हनं. मेल्याला मानूस सदरा कशाला पिळंल?”

याला उत्तर आहे तुझ्याकडे? सलिलकडे?

वाडीत टिकू देईनात म्हणून ती मला घेऊन ठाण्याला आली. कोपरीत एका दवाखान्यात आया म्हणून राहिली. बाळंतिणींची न्हाणी केली, परक्या पोरांचे लंगोट धुतले. आणि दर संक्रांतीला हळदीकुंकवाला जायची. न बोलावता नाही जायची, बोलावत असत. पण दारात गेलं की आत कुजबुज. हातात करंडा घेतलेली बाई अडायची. “यांना लावायचं का हो?” दुसरी म्हणायची, “लावा, लावा, सरकारी कागदात बेपत्ताच आहेत.” तिसरी म्हणायची, “अगं पण इतकी वर्षं?” मी आईचा पदर धरून उभी. आई हसत उभी. कपाळ पुढे करून. जपान केव्हाच शरण आलं होतं रे, कोपरीतल्या बायका येत नव्हत्या. तुझ्या सभागृहात रविवारी जी चर्चा झाली ना, युद्ध कसं संपलं याची, ती मी लहानपणी दरवर्षी तिळगुळाबरोबर ऐकलेली आहे. त्या बायकांना निदान पाहुणे वक्ते म्हणून नारळ मिळत नव्हता.

तुला काय वाटलं, तिला कळत नव्हतं? तिला सगळं कळत होतं. तिने लोकांना शरण जायचं नाकारलं इतकंच. ती गेली तेव्हा तुझे वडील, माझे काका, म्हणाले मंगळसूत्र काढा. मी म्हटलं हात लावून दाखवा. ती हिरव्या साडीत गेली, कपाळभर मळवट भरून, आणि अग्नी तू दिलास. मला भाऊ नाही म्हणून तू दिलास. तेव्हा तू बरा होतास. अजून प्राध्यापक म्हणून ओळख करून द्यायला शिकला नव्हतास.

तेव्हापासून तुझ्या घरी दर पितृपक्षात अविधवा नवमी होते. नवऱ्यामागे न राहता सवाष्ण गेलेल्या बाईची नवमी. पान वाढतात, सवाष्ण जेवते, ओटी भरतात. मी स्वतः विधवा, मला त्या पाटावर बसता येत नाही. म्हणून इथून खण आणि हिरव्या बांगड्या पाठवते. तू बोलणं टाकल्यावरही पाठवल्या, आणि प्रमोदिनीने ठेवून घेतल्या. आपल्या दोघांत तेवढीच एक गोष्ट शिल्लक आहे.

आता तुझा कार्यक्रम नीट बघ. पंधरा तारखेला नवमी, वीसला चतुर्दशी. सोमवारी माझी आई सवाष्ण म्हणून जेवणार आणि शनिवारी तू जाहीर करणार की तिचा नवरा ऐंशी वर्षांपूर्वीच मेला होता. म्हणजे सोमवारी जेवली ती कोण? नवरा जिवंत असेपर्यंतच नवमी घालतात, तो गेला की बंद होते. इतकं तुमच्या त्या गुरुजींनाही सुचलं नाही? की पुष्पहाराची ऑर्डर आधीच दिली होती?

आई विधवा होऊन कपाळ मिरवत हिंडली, असं म्हणायचं असेल तर तसं उघड म्हण. तुझी आजी तेच म्हणत होती. तिला पीएच. डी. नव्हती.

शालनताई


कोपर
१२ सप्टेंबर

तानाजी,

तुझं उत्तर मिळालं. टाइप केलेलं, खाली सही, सहीखाली पुन्हा नाव. घरच्या माणसाला असं पत्र लिहायला वेगळी अक्कल लागते.

तू लिहितोस, “विसंगती लक्षात आणून दिल्याबद्दल आभारी आहे.” आभारी! आणि तोडगा काढलास की यंदाची नवमी शेवटची, मग चतुर्दशी, मग पुढल्या वर्षीपासून दोघांचं एकत्र सर्वपित्रीला. ‘हा सर्वांना सन्मानपूर्वक मार्ग वाटतो.’ सर्वांना म्हणजे कुणाला रे? आईला विचारलंस? मोठ्या देशांची माणसं अशीच टेबलाभोवती बसून ठरवत असणार. कुठलं गाव कुणाकडे, कोण मेलं, कोण बेपत्ता, मार्ग सन्मानपूर्वक. मग चहा.

आणखी लिहितोस की मी भावनेच्या भरात इतिहास नाकारते. तानाजी, मी काहीच नाकारत नाही. तिकडे हिरोशिमातही कुणी बाई असेलच, जिचा नवरा सकाळी डबा घेऊन कामावर गेला आणि ज्याचं नखही सापडलं नाही. तिच्याही दारात शेजारणी उभ्या राहिल्या असतील. ती तू दहा लाखांत धरली आहेस की सलिलने त्याच्या हिशेबात? मला वाटतं दोघांनी तिला गाळली आहे. हिशेब नीटनेटका दिसावा म्हणून अशी माणसं गाळावी लागतात.

तू बोलावलं आहेस, तर नवमीला येते. आठ वर्षांत आले नाही, आता येते. बांगड्या या वेळी मीच घेऊन येईन. माझी एकच अट. शेवटची नवमी आहे, हे तू आईच्या पानासमोर उभं राहून तोंडाने सांगायचं. माइक लागणार असेल तर भाड्याने आण.

शालनताई


कोपर
१६ सप्टेंबर

तानाजी,

काल आपण एकमेकांशी धड चार वाक्यं बोललो नाही, म्हणून आज हे. आता फोन उचलशील असं वाटतं, पण मला लिहायचंच आहे.

तुझं घर छान ठेवलं आहे प्रमोदिनीने. दिवाणखान्यात शिरल्या शिरल्या तुझ्या सन्मानचिन्हांची रांग लागते, ती सोडून. तो शाम्पूवाला शिवराम भिंतीवर नव्हता. खिळा होता. मी येणार म्हणून उतरवलास, की प्रमोदिनीने उतरवला, ते विचारलं नाही.

आईचं पान तू आधीच, माझी अट चुकवून, गच्चीवर ठेवून आला होतास. घरात खालच्या मजल्यावरच्या शांताबाई सवाष्ण म्हणून पाटावर बसल्या. त्यांच्या शेजारी रांगेत तुझी सून संचिता, आर्यन, तू, मग मी, आणि माझ्या पलीकडे एक पान रिकामं. प्रमोदिनीने मीठ, आमसुलाची चटणी, काकडीची कोशिंबीर सगळ्या पानांवर वाढलेली, त्या पानावरसुद्धा. तुझा मुलगा सुमित दुपारी घरी जेवायला येणार होता, त्याचं ते. मग त्याचा ऑफिसातून फोन आला, जमत नाही.

तू म्हणालास, “अगं, ते पान उचल. सुमित येत नाहीये.”

ती म्हणाली, “अहो, वाढलंय मी त्याच्यावर. असू दे ना, कोणी आलं तर.”

कोणी आलं तर. प्रमोदिनी सहज बोलून गेली. ती बाई कधी लागेल असं बोलत नाही. आणि मी त्या पानाकडे पाहिलं, तानाजी.

मी तुला किती वर्षं शिव्या घालते आहे की माझा बाप जिवंत आहे. तुझ्या आजीला आईने तेच सांगितलं, कोपरीतल्या बायकांना तेच सांगितलं, मी तुझ्या सत्कारात तेच ओरडले. बरं, जिवंत आहे. मग जिवंत माणूस जेवतो ना रे? बायकोच्या नवमीला नवरा पंगतीत बसतो. इतक्या नवम्या झाल्या, त्याचं पान कुणी मांडलं नाही. तुम्ही मांडलं नाहीत, मी मांडायला सांगितलं नाही, आईनेही तिच्या हयातीत कधी त्याचं ताट वाढून ठेवलं नव्हतं. मेलेल्यांत धरलं नाही म्हणून कावळ्याचं पान नाही, आणि जिवंतांत धरलं म्हणावं तर पंगतीत जागा नाही. चव्वेचाळीस सालापासून तो माणूस उपाशी आहे. सगळे त्याच्यावर बोलतात. तू बोलतोस, मी बोलते. वाढत कुणी नाही.

मी म्हणाले, “उचलू नका. वाढ त्याच्यावर.”

तू म्हणालास, “कोणासाठी?”

“तुझ्या काकांसाठी. एकशे पाच वर्षांचे आहेत. दात नसतील, भात मऊ घाल.”

आर्यन हसला. संचिताने त्याला कोपर मारलं. तुझं तोंड उघडलं. मला वाटलं आता येणार पूर्वपक्ष, उत्तरपक्ष. तू म्हणालास, “ताई, हे बघ, तर्काने विचार केला तर…” आणि थांबलास. पहिल्यांदाच तुला वाक्याच्या मधे थांबलेलं पाहिलं. मग तू उठलास आणि प्रमोदिनीच्या हातातलं पातेलं घेऊन स्वतः वाढलंस. भात, वरण, तूप, वडा, भोपळ्याची भाजी, खिरीचा द्रोण. तूप सांडलं थोडं. सांडलंच पाहिजे होतं. मी काही दया केली नाही.

शांताबाई बिचाऱ्या जेवल्या. त्यांची ओटी भरली, बांगड्या भरल्या, त्या गेल्या. हात धुऊन झाले. आणि ते पान तसंच. खिरीवर साय धरली होती. प्रमोदिनी हळूच म्हणाली, “ताई, याचं काय करू?”

तू म्हणालास, “झाकून ठेव, सुमित रात्री खाईल.”

“ते सुमितचं नाही,” मी म्हटलं.

फेकायचं तर जिवंत माणसाचं अन्न फेकत नाहीत. शेजारी द्यायचं तर उष्टं नाही पण वाढलेलं. ठेवायचं तर किती दिवस ठेवायचं? तुझी दोन्ही बाजूंची सगळी चर्चा त्या पानाभोवती संपली. मला कळून चुकलं की ते न्यायला एकच जागा आहे. आईने तिथं न्यायचं नाकारलं होतं. मी नाकारलं होतं. भात वाळत चालला होता.

मी पान दोन्ही हातांनी उचललं. तुझ्या इमारतीची लिफ्ट गच्चीपर्यंत जात नाही. शेवटचा जिना मी ते पान घेऊन चढले आणि तू मागून पाण्याचा पेला घेऊन आलास. मध्ये एकदा माझा गुडघा वाकेना तेव्हा तू माझं कोपर धरलंस. मी झटकलं नाही याचा भलता अर्थ काढू नकोस. पान सांडलं असतं.

कठड्यावर आईचं पान होतं, चाटून पुसून स्वच्छ. तिच्या शेजारी मी त्याचं ठेवलं. तू पाणी सोडलंस. आपण मागे सरायच्या आत कावळा आला. तू “ताई, मी…” असं सुरू केलंस आणि मी “गप” म्हटलं, आणि तू गप्प बसलास. तुझ्या आयुष्यातलं तेच एक भाषण मला आवडलं.

कावळ्याने आधी वडा नेला. मग खीर. मी रडले ते तू पाहिलंस. बापासाठी रडले असं समजू नकोस, मी त्याला ओळखतच नाही. तो सदरा पिळणारा माणूस नदीवरून निघाला एवढंच मला वाटलं.

आता व्यवस्था सांगते, आणि या वेळी तोडगा मी काढणार आहे. शनिवारी चतुर्दशी कर. पिंड तू ठेव, मी शेजारी बसेन, दर्भ मी हातात घेईन, गुरुजींना चालत नसेल तर गुरुजी बदल. संध्याकाळचा पुष्पहार रद्द. तो मोबाइलचा बाप आर्यनला पुसून टाकायला सांग. हुतात्मा हा शब्द माझ्या बापाला पुन्हा लावायचा नाही, तो नदी ओलांडू शकला नाही, एवढंच आपल्याला माहीत आहे आणि एवढंच सांगायचं. दहा लाखांचं तुझं तू बघ.

नवमी बंद. पुढल्या वर्षी मी बांगड्या आणणार नाही. खण आणणार नाही. काल शांताबाईंच्या हातात भरल्या त्या शेवटच्या.

युद्ध संपलं, तानाजी. तुझ्या घरी, दुपारी, पंगत उठल्यावर. तुमच्या कुठल्याच पुस्तकात ही तारीख नाही, तेव्हा लिहून घे.

एक काम मात्र राहिलं आहे. आई जन्मभर कपाळ पुढे करून उभी राहिली आणि काल तिच्या शेजारी, तिला न विचारता, मी तिच्या नवऱ्याचं पान ठेवलं. तिला अजून कुणी काही सांगितलेलं नाही. माझ्याने ते होणार नाही. शनिवारी तू सांग तिला. तुला बोलायची सवय आहे.

शालनताई